राउटर आपोआप बंद-चालू होतो? स्विचला हात लावायच्या आधी हे वाचा

"नेट आपोआप जातं, दोन मिनिटांत आपोआप येतं, काय करू?" हा एकच प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच बसून उत्तरं लिहितो. माझी तक्रार एवढीच की काय गेलं ते कुणी सांगतच नाही. वाय-फाय गेलं, बाहेरची लाईन गेली, की राउटर स्वतःच बंद होऊन परत सुरू झाला? तिन्ही वेगळी दुखणी आहेत. डॉक्टरला नुसतं "दुखतंय" सांगून कसं चालेल?

प्रश्न : फोनवर वाय-फायचं चिन्ह फुल असतं तरी नेट चालत नाही, असं कसं?

ते चिन्ह फक्त फोन ते राउटर एवढंच सांगतं, राउटरच्या पलीकडचं नाही. म्हणजे तुमचं वाय-फाय ठीक आहे, लाईन बघायला सांगा.

प्रश्न : फायबर कनेक्शन आहे. दिवसातून दोन-तीनदा एलओएसचा लाल लाईट लुकलुकतो, मग आपोआप हिरवं होतं. टेक्निशियन म्हणतो वरूनच प्रॉब्लेम आहे.

वरून असेलही, पण त्याने प्रकाशाची पॉवर मोजली का? एलओएस लाल म्हणजे केबलमधून येणारा प्रकाश पुरेसा पोचत नाहीये. घरच्या फायबरच्या डब्याला साधारण मायनस २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं माप, मायनसचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी), त्याखाली गेला की कनेक्शन तुटतं. लाईन मायनस २६ च्या आसपास लोंबकळत असेल तर दिवसभर चालते आणि जराशा धक्क्याने जाते, म्हणून ते "कधी कधी" होतं.

माझ्याच घरी झालेलं सांगतो. कपाट चार बोटं मागे सरकवलं, त्या आठवड्यापासून नेट जायला लागलं आणि मी शहाणा राउटरची सेटिंग बघत बसलो. शेवटी टॉर्च मारून मागे बघितलं तर केबल कपाट आणि भिंतीच्या मधे चेपून काटकोनात दुमडलेली. कपाटाचं दार जोरात लावलं की लाल लाईट! काचेच्या तारेला घट्ट वळण दिलं की प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. केबल सोडवून मोठा वेढा दिला आणि प्रश्न मिटला.

तुम्ही फक्त केबल कुठे दबलीय का ते बघा. कनेक्टर काढून शर्टाला पुसू नका, धुळीचा एक कण पुरतो. आणि केबलच्या टोकात डोळा घालून "लाईट येतोय का" हे तर अजिबात नाही, तो इन्फ्रारेड लेझर असतो, दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. बाकी टेक्निशियनला करू द्या, फक्त त्याच्या मीटरवरचा आकडा कामाआधी आणि कामानंतर लिहून घ्या.

प्रश्न : रोज बरोबर एकाच वेळी नेट तुटतं, मिनिटभरात येतं.

बरोबर २४ तासांनी असेल तर बहुधा कंपनीच सेशन, म्हणजे तुमचं चालू लॉगिन, तोडून नवीन देतेय, काही ठिकाणी तशी पद्धतच असते. कस्टमर केअरला थेट "सेशन टाइमआउट किती आहे" असं विचारा.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झवालं वाय-फाय मधेच गायब होतं, २.४ वालं मात्र चालू राहतं. राउटर खराब झालाय का?

बहुतेक नाही. वाय-फायच्या पट्ट्याचे चॅनेल नावाचे नंबर दिलेले तुकडे असतात. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल बऱ्याच देशांत रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, आणि पहिला मान रडारचा. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि नवीन चॅनेलही त्याच पट्ट्यातला असेल तर निदान मिनिटभर गप्प राहून ऐकायचं, मग बोलायचं, असा नियम आहे. तुम्हाला वाटतं वाय-फाय मेलं, ते बिचारं कान लावून बसलेलं असतं. सेटिंगमध्ये ऑटो काढून ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून बघा. आठवडाभर तुटलं नाही तर नवीन राउटरचे पैसे वाचले. तरीही तुटलं तर जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मायक्रोवेव्ह लावला की नेट जातं हे खरं का?

२.४ गिगाहर्ट्झवर खरं आहे, दोघं एकाच पट्ट्यात बोलतात. ५ वर जा.

प्रश्न : स्मार्ट प्लगला टायमर लावून राउटर रोज रात्री बंद-चालू करतो, सगळे म्हणतात चांगलं असतं. तरी दुपारी नेट जातंच.

हे "सगळे" कोण ते मला एकदा भेटायचंय. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस जगभर राउटरांत पसरला होता, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने लोकांना राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं. तो त्या व्हायरससाठीचा तात्पुरता उपाय होता, तेवढ्याने तो पूर्ण जातही नव्हता. तरी अजून लोक रोज रात्री राउटरला झोपवतात.

आता नीट ऐका. राउटर अडकला तर रिस्टार्टने सुटतो, कबूल. पण बहुतेक घरगुती राउटर आपला लॉग, म्हणजे कधी काय बिघडलं याची नोंद, चालत्या मेमरीत ठेवतात, वीज काढली की तो पुसला जातो. म्हणजे चोरी झाल्या झाल्या तुम्ही फरशी पुसून काढली आणि मग पोलिसांना बोलावलं. टेक्निशियन येतो, बघतो, सगळे लाईट हिरवे, "आता तर चालतंय" म्हणून जातो. आणि तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडता.

त्याऐवजी नेट गेलं की स्विचला हात न लावता आधी लाईटचा फोटो काढा. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंग पेजवर स्टेटसमध्ये अपटाइम, म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. बारा दिवस दाखवतोय म्हणजे राउटर जागाच होता, लाईन किंवा वाय-फाय गेलं. पाच मिनिटं दाखवतोय आणि तुम्ही हात लावला नव्हता, म्हणजे तो स्वतः बंद होऊन उठला. रोज टायमरने उठवत असाल तर हा आकडा जवळजवळ वायाच गेला.

स्वतः उठत असेल तर आधी संशय अ‍ॅडॉप्टरवर घ्या, राउटरवर नाही. तो काळा ठोकळा वर्षानुवर्षं गरम राहतो, आतले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) सुकतात, मग लोड वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि राउटर रिस्टार्ट होतो. पिन हलकेच हलवून बघा, लाईट फडफडला तर जॅक सैल आहे. दुसरा लावताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या प्लस-मायनसची खूण जुळलेली. ड्रॉवरमधला "बसतोय ना" वाला लावू नका, आणि अ‍ॅडॉप्टर उघडूही नका. शंका असेल तर दुकानात राउटर सोबत घेऊन जा. अधूनमधून रात्री एखादा अपडेट कंपनी स्वतः टाकते, तेव्हाही राउटर उठतो, महिन्यातून एकदा झालं तर सोडून द्या.

प्रश्न : मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रिसेट केलं तर?

नको! रिसेट म्हणजे रिस्टार्ट नव्हे, कंपनीचं युजरनेम-पासवर्ड सगळं उडेल.

प्रश्न : कस्टमर केअर म्हणतं मोठा प्लॅन घ्या, तुटणार नाही.

फुटक्या नळाला मोठी टाकी लावून गळती थांबते का? स्पीड वेगळा, तुटणं वेगळं. सिग्नल वाढवणाऱ्या स्टिकरबद्दल तर मी बोलतच नाही.

प्रश्न : आमची जुनी तांब्याची फोन लाईन आहे, सकाळी ठराविक वेळी ब्रॉडबँड पडतं. शेजाऱ्यांचंही.

शेजाऱ्यांचंही हे महत्त्वाचं, म्हणजे राउटर बदलून उपयोग नाही. २०२० मध्ये वेल्समधल्या अबरहोसान गावाची गोष्ट बाहेर आली होती, दीड वर्ष रोज सकाळी सातला गावाचं ब्रॉडबँड पडायचं, केबल बदलल्या तरी पडायचं. शेवटी इंजिनियर मीटर घेऊन गावात फिरले तेव्हा कळलं की एका घरचा जुना टीव्ही सातला चालू व्हायचा आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट लाईनमध्ये शिरायचा. तुम्ही वेळ लिहून ठेवा, फोनच्या सॉकेटवर फिल्टर (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) आहे का बघा, आणि शेजाऱ्यांसकट एकत्र तक्रार करा. गोंगाट शोधणं कंपनीचं काम आहे, घरोघरी जाऊन लोकांचे टीव्ही बंद करत बसू नका.

प्रश्न : आठ महिने असंच चाललंय, आपोआप येतं म्हणून सोडून दिलं. अजून वाट बघू का?

आठ महिने! आजपासून सात दिवस तारीख, वेळ, लाईटचा रंग आणि अपटाइम लिहा. आठव्या दिवशी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.