फोन जुना, गाडी सुसाट

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले, की नोकरीची सुरुवात मी मोबाइल गेम तपासण्यापासून केली आणि त्या काळचे अकरा हँडसेट अजून माझ्या खणात आहेत. तेव्हापासून पत्रं येतायत ती गाड्यांच्या गेमचीच. म्हणून या वेळी दुसरा विषय नाही; एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

बाबांचा जुना फोन मला मिळाला आहे. 2 जीबी रॅम, 16 जीबी जागा. मित्र अ‍ॅस्फाल्टचा मोठा गेम खेळतात, माझ्या फोनमध्ये तो मावत नाही. ‘अ‍ॅस्फाल्ट नायट्रो’ हलका आहे म्हणतात. तो तोच गेम आहे का, की नुसती नक्कल? (दहावीतला वाचक)

नक्कल नाही, त्याच घरातला धाकटा भाऊ आहे. अ‍ॅस्फाल्ट ही गेमलॉफ्ट कंपनीची मालिका. पहिला गेम 2004 मधला, ‘अर्बन जीटी’. बटणांच्या फोनवरही तो चालायचा. तुझे मित्र बहुधा ‘अ‍ॅस्फाल्ट 8’ खेळत असतील, तो 2013 चा. किंवा ‘अ‍ॅस्फाल्ट 9’ असेल, तो 2018 चा. हाच नववा 2024 च्या जुलैपासून ‘लीजेंड्स युनाइट’ या नावाने ओळखला जाऊ लागला, त्यामुळे वर्गात दोघं वेगवेगळी नावं घेऊन भांडत असतील तर दोघंही बरोबर आहेत. नायट्रो आला 2015 मध्ये, मुद्दाम साध्या फोनसाठी. पुढे ‘नायट्रो 2’ ही निघाला.

आता हलका म्हणजे काय केलं असतं ते सांगते, कारण ‘मोठ्यातून कापून काढलेला’ असा समज सरसकट आहे. गेममधली सर्वाधिक जागा खातात ती चित्रं. गाडीचा पत्रा, रस्त्याचं डांबर, कडेच्या इमारती, सगळ्यांवर चित्र चिकटवलेलं असतं. 1024 बाय 1024 ठिपक्यांचं एक चित्र जसंच्या तसं ठेवलं तर 4 एमबी होतं. लांबी-रुंदी दुप्पट केली की थेट 16. उलट तेच 1024 चं चित्र फोनच्या ग्राफिक्स चिपला समजेल अशा पद्धतीने दाबलं, तर अर्ध्या एमबीत बसतं. हलका गेम बनवणारे लोक इथेच वाचवतात. मग गाड्या कमी, ट्रॅक कमी. बॉनेटवर आभाळ चमकताना दिसतं ते खरं प्रतिबिंब नसतं, आधीच काढून ठेवलेलं एकच चित्र असतं. गाडीखालची सावली म्हणजे कित्येकदा नुसता एक धूसर काळा डाग. ताशी दोनशेच्या वेगात कोण बघतंय?

आणि दोनशेवरून आठवलं, तुझ्यासाठी खरा मुद्दा हाच आहे. ताशी 200 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 55 मीटर. फोन सेकंदाला 30 चित्रं दाखवत असेल तर दर चित्रागणिक गाडी पावणेदोन-दोन मीटर पुढे सरकते. डोळ्याला ते सलग वाटतं. आता मोठा गेम कसाबसा कोंबून बसवलास आणि फोन धापा टाकत सेकंदाला 12 चित्रांवर आला, तर प्रत्येक चित्रात गाडी साडेचार मीटर उडी मारते. म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाडी! समोरची टॅक्सी दिसते तोवर तू तिच्यात घुसलेला असतोस आणि तुला वाटतं आपला हात कच्चा आहे. हात कच्चा नाही, फोन उशिरा दाखवतोय.

वळणावर तर फारच जाणवतं. ब्रेक जरा टेकवायचा, गाडी आडवी सरकू लागते (हाच ड्रिफ्ट), त्या सरकण्यात नायट्रो, म्हणजे गाडीला क्षणभर जादा वेग देणारा साठा, भरत जातो, आणि नाक सरळ होतंय न होतंय तोच नायट्रो सोडायचा. हा ‘तोच’ इतका छोटा असतो, की फोन अडखळला तर तो हाती लागतच नाही. म्हणून माझं मत विचारशील तर तुझ्या फोनवर गुळगुळीत चालणारा नायट्रो, अडखळणाऱ्या आठव्यापेक्षा केव्हाही वरचढ. मित्रांना दिसण्यात हरशील, ड्रिफ्टमध्ये नाही. त्यांचा फोन एकदा मागून आठव्याच्या रॅम्पवरून गाडी हवेत गोल फिरवून मात्र बघ. ती मजा खरंच वेगळी आहे, नाही म्हणणार नाही.

प्ले स्टोअरवर आकार कमी दिसला म्हणून मुलीला एक रेसिंग गेम घेऊन दिला. उघडल्यावर तो पुन्हा शेकडो एमबी डाउनलोड मागतो. ही फसवणूक नाही का? मेमरी कार्ड घातलं तर सुटेल का?

फसवणूक म्हणवत नाही, पण आतल्या गाठीचा कारभार आहे खरा. स्टोअरवर दिसतो तो उतरवून घ्यायच्या पुडक्याचा आकार, तोही दाबलेला. फोनमध्ये सुटा झाला की फुगतो. शिवाय बरेच गेम सुरुवातीला फक्त दार आणि ओसरी पाठवतात. ट्रॅक, गाड्या, आवाज हे सगळं पहिल्यांदा उघडल्यावर मागवतात. खरा हलका गेम ओळखायची माझी रीत अशी: इन्स्टॉल करायचा, एकदा उघडून पहिली शर्यत पूर्ण करायची, मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपने एकूण किती जागा घेतली ते बघायचं. तोच आकडा खरा.

जागा मोजताना एक धरून चाला: अपडेट येतं तेव्हा जुना गेम तसाच असतो आणि नव्याला बाजूला वेगळी जागा लागते. म्हणून गेम जेवढा, साधारण तेवढीच जागा मोकळी ठेवायची. फोन काठोकाठ भरला की गेमच काय, फोटोसुद्धा रडतरखडत उघडतात.

मेमरी कार्डाने फायलींची अडचण कधी कधी सुटते, अडखळण्याची नाही. गेम चालतो तो रॅममध्ये. कार्ड म्हणजे माळा, रॅम म्हणजे ओटा. माळा कितीही वाढवला तरी ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा होत नाही.

मुलगा ‘मॉड एपीके’ टाकून द्या म्हणून मागे लागलाय. सगळ्या गाड्या खुल्या, पैसे अमर्याद. त्याचा मित्र म्हणतो काही होत नाही. टाकू का?

नको.

कारणं देते, नुसतं ‘नको’ मुलांना पटत नाही. मॉड एपीके म्हणजे कोणीतरी परस्पर बदललेली गेमची फाइल. प्रत्येक अँड्रॉइड अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. कोणी आत हात घालून बदल केला की ती सही मोडते, मग तो स्वतःची सही ठोकतो. फोनला सही वेगळी दिसते, म्हणून मूळ गेमवर तो बसत नाही. आधी मूळ गेम काढून टाकावा लागतो, आणि फोनमध्ये साठवलेली सगळी प्रगती त्याच्याबरोबर जाते. पुढचं अपडेटही स्टोअरमधून त्यावर चढत नाही.

पैशांचं म्हणाल तर ज्या गेममध्ये हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तिथे तुमच्या पडद्यावर नऊ-नऊ-नऊ दिसले काय न दिसले काय. वहीत आपणच आपल्या नावावर जमा लिहिलं म्हणून बँकेत वाढत नाही. उलट सर्व्हरला विसंगती दिसली तर खातं कायमचं बंद होऊ शकतं. आणि शेवटचं, तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: तो गेम एसएमएस वाचायची किंवा कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागतो का ते बघा. गाडी चालवायला एसएमएस कशाला लागतात? तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात ना?

मुलाला एक गोष्ट सांगा. सगळ्या गाड्या पहिल्याच दिवशी खुल्या मिळाल्या की तो गेम चौथ्या दिवशी फोनमधून जातो. हे मी तपासनीस म्हणून सांगते, आम्हाला कामासाठी सगळंच खुलं करून मिळायचं. दुपारपर्यंत जांभया.

2012 च्या सुमाराचे गेम मी कार्डवर जपून ठेवलेत. नव्या फोनवर एकही इन्स्टॉल होत नाही. फाइल खराब झाली असेल का?

फाइल शाबूत असणार, फोन घेत नाही. अँड्रॉइड 14 पासून फार जुन्या व्यवस्थेसाठी, म्हणजे अँड्रॉइड 6 च्याही आधीच्यासाठी बनवलेली अ‍ॅप इन्स्टॉलच करू दिली जात नाहीत, कारण जुन्या अ‍ॅपना परवानगी न विचारता सगळं मिळायचं. दुसरं, काही नवे फोन फक्त 64 बिटचे, म्हणजे नव्या घडणीच्या चिपसाठी बनवलेले, अ‍ॅप चालवतात आणि तेव्हाचे गेम जुन्या घडणीचे, 32 बिटचे. त्यावर घरगुती इलाज नाही. जुना फोन फेकू नका, एवढंच. बॅटरी फुगली असेल तर मात्र आधी ती बदलून घ्या.

तुमच्याकडे शेवटी ‘जार’ असलेल्या, त्याहूनही जुन्या फायली असतील तर गंमत म्हणजे त्यांचं नशीब बरं आहे. त्या जावाच्या, म्हणजे बटणांच्या फोनवरच्या गेमच्या. ‘जेटूएमई लोडर’ नावाचं अ‍ॅप नव्या फोनवर त्यांना जुन्या फोनचा आभास देतं आणि पडद्यावर बटणंही काढून देतं. फक्त पडद्याचा आकार नीट निवडा. त्या काळी एकाच गेमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या म्हणजे वेगवेगळे पडदे: 128 बाय 160, 176 बाय 208, 240 बाय 320, प्रत्येकाची फाइल निराळी. मी एकच शर्यत दिवसभरात अकरा हँडसेटवर धावायचे. एका फोनवर झाड रस्त्याच्या कडेला, तर दुसऱ्यावर तेच झाड बरोब्बर रस्त्याच्या मधोमध! ते मी नोंदवलं, तर प्रोग्रामर म्हणाला, “मॅडम, राहू दे, लेव्हल अवघड होते.” आठवड्याने हललं झाड.

फोन हँग होतो म्हणून गेमचा ‘डेटा क्लिअर’ करा असं कोणी सुचवलं. करू?

थांबा! ‘कॅशे क्लिअर’ करा. कॅशे म्हणजे तात्पुरता पसारा, गेला तरी पुन्हा तयार होतो. ‘डेटा’ म्हणजे तुमच्या गाड्या, टप्पे, सगळं. गेम कुठल्या खात्याशी जोडलेला नसेल तर ते परत येत नाही. भाच्याचा फोन ‘दुरुस्त’ करून देताना मी घाईत ‘डेटा’चं बटण दाबलं होतं. एवढी वर्षं याच धंद्यात, आणि तरी. पोराने ओरडाआरडा केला नाही, नुसतं “बरं मावशी” म्हणाला, ते जास्त लागलं. आधी गेमच्या सेटिंगमध्ये खातं जोडा, मग जे साफ करायचं ते करा.

मी सत्तरीचा आहे. नातवाबरोबर खेळतो. फोन कलवून गाडी वळवताना मी स्वतःच कलतो आणि घरचे हसतात. शिवाय आडवा पडून खेळलो की गाडी सारखी एकाच बाजूला ओढते. फोन बिघडलाय का?

फोन ठणठणीत आहे, आजोबा. त्याच्यातला सेन्सर गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते ओळखून ‘फोन कलला’ असं ठरवतो. तुम्ही कुशीवर झालात की त्याच्या दृष्टीने स्टीअरिंग पूर्ण फिरलं. एकतर उठून बसा, नाहीतर सेटिंगमध्ये कलवण्याऐवजी बोटाने वळवण्याचा पर्याय निवडा. नववा गेम असेल तर त्यातलं ‘टच ड्राइव्ह’ लावा. त्यात गाडी आपली आपण वळते, तुम्ही फक्त वाट निवडायची, ड्रिफ्ट आणि नायट्रो सांभाळायचा. नातू त्याला लबाडी म्हणेल, म्हणू दे.

कलण्यावर मात्र माझ्याकडे इलाज नाही. बोटाने खेळतानाही मी उजव्या वळणाला अख्खी उजवीकडे झुकते.