आधी रंग, मग आकार
अरे, ताऱ्यांच्या वर्गांची ती ओ-बी-ए-एफ-जी-के-एम अक्षरं (तप्त ते थंड अशा क्रमाने) घोकत बसू नकोस. जानेवारीत रात्री नऊला गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र शोध. मधल्या तीन ताऱ्यांच्या ओळीच्या, म्हणजे बाणाच्या, एका अंगाला तांबूस तारा काक्षी (बीटलज्यूस), दुसऱ्या अंगाला निळसर-पांढरा राजन्य (रायजेल). दुर्बिणीचा फोकस किंचित बिघडव, रंग लगेच उठून दिसतो. रंग म्हणजेच तापमान: काक्षी साधारण ३,५०० केल्विन, म्हणून एम, राजन्य १२,०००च्या आसपास, म्हणून बी.

अक्षरावरून आकार मात्र कळत नाही, मीही इथेच फसलो होतो. त्यासाठी अक्षरापुढचा रोमन आकडा बघ. सूर्य जी२-पाच (G2V), म्हणजे मुख्य क्रमावरचा, गाभ्यात हायड्रोजन जाळणारा साधा तारा. काक्षी आणि राजन्य दोघेही एक नंबरवाले (रोमन I), महाराक्षसी. आणि काक्षीसारखाच एम वर्गातला, सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्झिमा? व्यास सूर्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा.