पिता, पुत्र, पवित्र आत्मा : मग देव एकच कसा?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती लोक देव एकच आहे असे सांगतात आणि लगेच पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन नावे घेतात. तर हे औदुंबरच्या दत्तगुरूंच्या त्रिमूर्तीसारखेच आहे का, आणि प्रार्थना नेमकी कोणाला करतात? मी मिरजेतील ख्रिस्ती घरात वाढले आहे. कृष्णाकाठी दत्तभक्तीला केवढा मान आहे हे मी जाणते, म्हणून आपली तुलना मला अस्थानी वाटत नाही; परंतु माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

देव एकच आहे, ही येशूच्या स्वतःच्या यहुदी धर्माची पहिली शिकवण होती. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता, परमेश्वर एकच आहे हेच वचन त्याने आधी उच्चारल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चरित्रात) आहे. त्याचे पहिले शिष्यही यहुदीच होते आणि देवावाचून कोणाचीही आराधना करणे त्यांना पाप वाटे. तीच माणसे मरणातून पुन्हा उठलेल्या येशूची आराधना करू लागली आणि आपल्यात वसणारा पवित्र आत्मा म्हणजे देवच आहे असे सांगू लागली. एकदेवत्व तर सोडायचे नव्हते आणि जे अनुभवले तेही नाकारता येत नव्हते. या पेचातून त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे एकच देव आहेत हा सिद्धांत पुढे आला.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूने, पुत्र म्हणजे येशू श्रेष्ठ असला तरी देवाने निर्माण केलेलाच आहे, असे प्रतिपादन केले. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथील धर्माध्यक्षांच्या परिषदेने ते अमान्य करून, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे घोषित केले. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने, पवित्र आत्म्याचीही पिता व पुत्र यांच्यासह आराधना केली जाते, असे मान्य केले. या वादात आरियसचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने मांडलेला मुद्दा मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो : जो स्वतःच निर्मिलेला आहे, तो निर्मिलेल्या माणसाला देवाशी कसा जोडू शकेल? येशू देव नसेल, तर वधस्तंभावर आपल्यासाठी देव स्वतः आलाच नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवून तो दूर राहिला, असे होईल.

आता त्रिमूर्तीशी असलेला भेद पाहू. ब्रह्मा, विष्णू व महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती व लय ही कार्ये सामान्यतः वाटून दिलेली आहेत. त्रैक्यात तशी वाटणी नाही. पिता पुत्राच्या द्वारे सृष्टी निर्माण करतो आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देवाचा आत्मा जलांवर असतो. म्हणजे प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच आहे. तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव आहे, देवाचा तिसरा हिस्सा नव्हे. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा : पुत्र पित्यापासून अनादिकाळापासून जनित आहे (यात देहसंबंधाचा लवलेशही नाही) आणि आत्मा पित्यापासून निघतो; पाश्चात्त्य मंडळ्या (चर्च) ‘आणि पुत्रापासून’ असेही म्हणतात, पौर्वात्य मंडळ्यांना ते मान्य नाही.

पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टांत पुष्कळ जण देतात. माझ्या मते तो टाळावा, कारण त्यातून एकच देव तीन रूपे पालटतो असा अर्थ निघतो आणि तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या शिक्षकाचे ते मत मंडळीने नाकारले होते. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यातून वर येत होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि पित्याची वाणी आकाशातून ऐकू येत होती. हे सारे एकाच वेळी घडले. शिवाय रूपेच पालटत असतील, तर गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता ती कोणाला? आणि जगाच्या स्थापनेपूर्वी पित्याने माझ्यावर प्रीती केली, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. देव प्रीती आहे हे वचन जग नसतानाही खरे होते, ते यामुळेच.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. आम्ही बहुधा पित्याला, पुत्राच्या नावाने आणि पवित्र आत्म्याच्या साहाय्याने प्रार्थना करतो. कोणी थेट ‘प्रभू येशू’ अशी हाक मारली किंवा आत्म्याला ‘ये’ म्हणून विनवले, तरी ती त्याच एका देवाला केलेली प्रार्थना असते.