पोर्टल फ्रेममध्ये (दोन कॉलम आणि त्यांना जोडणारा बीम) स्वे आला, म्हणजे फ्रेम आडवी सरकली, की मोमेंट डिस्ट्रिब्यूशन (जॉइंटवरचे वाकवणारे मोमेंट तक्त्यात टप्प्याटप्प्याने वाटण्याची पद्धत) अडतं. हाताने कसं सोडवायचं? आणि नोकरीत हे कुणी वापरतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आमच्या ऑफिसात (कोथरूड, आरसीसी डिझाइन, हल्ली बरंचसं काम रीडेव्हलपमेंटचं) अख्खी इमारत हाताने कुणी सोडवत नाही, त्याला ईटॅब्स हे सॉफ्टवेअर आहे. तरी मुलाखतीला येणाऱ्यापुढे मी एक पोर्टल ठेवतोच. ज्याला स्वे कळलाय त्याला मॉडेलमधली गडबड आकडे बघूनच दिसते.

आता तुम्ही अडता कुठे ते बघू. हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची पद्धत मांडली, तेव्हा ते इलिनॉय विद्यापीठात होते. त्याआधी स्लोप डिफ्लेक्शनची समीकरणं एकदम सोडवावी लागत. साध्या पोर्टललाही तीन अज्ञातं: दोन जॉइंटची रोटेशन आणि एक स्वे. क्रॉस यांचा तक्ता रोटेशनं तेवढी निस्तरतो. जॉइंट सरकला तर काय, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. ते आपण बाहेरून घालायचं असतं, आणि वर्गात नेमकं हेच घाईत उरकतात.

फ्रेम घ्या. कॉलम ४ मीटर, पायथ्याशी फिक्स्ड (तिथे फिरू न शकणारे). बीम ६ मीटर, त्याचा आय (मोमेंट ऑफ इनर्शिया) कॉलमच्या दीडपट. बीमवर मीटरला २० किलोन्यूटन, आणि डाव्या कोपऱ्यावर डावीकडून ३५ किलोन्यूटन आडवं बल. आकडे मुद्दाम असे घेतलेत की बीम आणि कॉलम दोघांचाही स्टिफनेस, म्हणजे ४ईआय भागिले लांबी (ई हा मटेरियलचा मॉड्युलस), सारखाच येतो. जॉइंटवर वाटणी निम्मी-निम्मी.

आधी फक्त उभा भार. फ्रेमही सममित, भारही सममित, म्हणून स्वे नाही. फिक्स्ड एंड मोमेंट (जॉइंट फिरू दिले नाहीत तर बीमच्या टोकांना येणारे) २० × ३६ ÷ १२ = ६० किलोन्यूटन-मीटर. जॉइंट सोडला की ३० बीमला, ३० कॉलमला. पलीकडच्या टोकाला बीमला दिलेल्याचे निम्मे, म्हणजे १५, कॅरी ओव्हर होऊन येतात, त्यांतले ७.५ पुन्हा कॉलमला. ३०, ७.५, १.८७५ असं करत कॉलमचा माथा ४० ला टेकतो, पायथा त्याच्या निम्मा, २०. एवढंही करायला नको: सममितीमुळे बीमचा स्टिफनेस निम्मा धरा, मग कॉलमचा वाटा १ ÷ १.५ आणि ६० चे दोन-तृतीयांश थेट ४०. (परीक्षेत मात्र पूर्ण तक्ता काढा, मार्क त्याचे असतात.)

आता स्वे. फ्रेम किती सरकणार हे माहीत नाही, मग आपणच मनाने सरकवायची. सरकल्यामुळे कॉलमच्या टोकांना ६ईआयΔ ÷ उंचीचा वर्ग एवढे मोमेंट येतात (Δ म्हणजे फ्रेम जितकी सरकली ते अंतर). दोन्ही कॉलम सारखे, म्हणून चारही टोकांना उणे १०० लिहा (घड्याळाच्या दिशेचे अधिक). १०० च का? सोपा आकडा म्हणून, बाकी काही कारण नाही. या वेळी बीम एस आकारात वाकतो, त्याचा स्टिफनेस दीडपट धरायचा. जॉइंटवर १०० पैकी ६० बीम घेतो, ४० कॉलम. कॉलमच्या माथ्याला उरले ६०, आणि ४० चे निम्मे खाली गेल्याने पायथ्याशी ८०. एका कॉलमचा शिअर, म्हणजे त्यातलं आडवं बल, (६० + ८०) ÷ ४ = ३५, दोघांचा ७०. आपलं खरं बल ३५, म्हणून सगळं निम्मं करा: माथा ३०, पायथा ४०.

दोन्ही भाग चिन्हांसकट मिळवा. डावा कॉलम: माथा अधिक १०, पायथा उणे २०. उजवा: उणे ७० आणि उणे ६०. डावा जवळजवळ मोकळा, सगळा ताण उजव्यावर. भूकंप उलटीकडूनही येतो, तेव्हा दोन्ही कॉलम ७० लाच डिझाइन करायचे. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे आडवं बल इथे पुस्तकापुरतं नाही.

याच फ्रेमचा पायथा पिन्ड (मोकळेपणाने फिरू शकणारा) करून बघा. उभ्या भाराचे ४० चे ३६ होतात, फारसा फरक नाही. पण स्वेचे ३० एकदम ७० वर जातात, कारण पायथा काहीच उचलत नाही. उजवा माथा १०६! फुटिंग घट्ट खडकावर आहे की नदीकाठच्या काळ्या मातीत, यावर खरं उत्तर ७० आणि १०६ या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी पडतं. सॉफ्टवेअर हा प्रश्न तुम्हाला विचारत नाही, सपोर्टला जे दिलंत ते मुकाट्याने घेतं.

बाणेर-बावधनच्या उतारावरच्या प्लॉटसारखे कॉलम कमी-जास्त उंचीचे असले तर दोन्हीकडे १०० लिहून चालणार नाही. आय सारखाच असेल तर ३ मीटर आणि ४ मीटरला मोमेंट १६ ला ९ या प्रमाणात लिहा. आखूड कॉलम जास्त ओढून घेतो. तिथे सममितीचे शॉर्टकटही चालत नाहीत, आणि नुसत्या उभ्या भारानेसुद्धा फ्रेम सरकते. म्हणून पहिल्या भागात फ्रेम रोखून धरायला लागलेलं बल काढून ते दुसऱ्या भागात उलटं लावावं लागतं.

शेवटी पायथ्यांची आडवी बलं मिळवून बघा. वरच्या फिक्स्ड उदाहरणात डावीकडे २.५, उजवीकडे ३२.५, बेरीज ३५. ती जुळली नाही तर तक्ता पुन्हा तपासण्याआधी स्वेचं चिन्ह बघा, बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो.