बडतर्फ, बडदास्त आणि बिचारा निलंबित

प्रश्न असा आलाय की 'निलंबित' आणि 'बडतर्फ' एकच का, आणि 'बडतर्फ' म्हणजे 'बड्या साहेबातर्फे काढलेला' असं कोणीतरी सांगितलं ते खरं का.

पहिलं पटकन उरकतो. एकच नाही. चॅनलवाले वरच्या पट्टीत 'तलाठी बडतर्फ' आणि खाली 'निलंबित' लिहितात तेव्हा डोकं फिरतं. निलंबित माणूस नोकरीतच असतो, निर्वाह भत्ता घेतो, राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत निलंबन ही शिक्षासुद्धा नाही. बडतर्फ म्हणजे कायमचा घरी. आमच्या चाळीत एक कारकून निलंबित झाले तर लोक सांत्वनाला येऊन गेले, आणि आठ महिन्यांनी हे डबा घेऊन परत ऑफिसला!

आता 'बड'. बड्याबिड्याचा काही संबंध नाही हो. फारसी 'बर' म्हणजे वर, आणि 'तरफ' म्हणजे बाजू, बरतरफ म्हणजे बाजूला सारलेला. 'कंपनीतर्फे', 'एकतर्फी' सगळीकडे हाच तर्फ, आंबेगावातल्या 'पिंपळगाव तर्फे महाळुंगे'तपण तोच.

पण खरी मजा त्या 'बर'ची आहे. बरखास्त म्हणजे उठलेला, दरबार संपला की सगळे उठायचे. (हिंदीच्या नादाने 'अधिकारी बरखास्त' म्हणू नका, मराठीत सभा बरखास्त होते, माणूस नाही.) बरबाद म्हणजे वाऱ्यावर गेलेलं, 'बाद' म्हणजे वारा. आणि बडदास्त! जावयाची ठेवतो ती. मूळ बरदाश्त, म्हणजे उचलून धरणं, त्याचंच हिंदीत सहन करणं झालं. शब्द एकच, पण मराठीत पाहुणा खूश आणि हिंदीत यजमान वैतागलेला.

तर माझं म्हणणं, पुढे त किंवा द आला की आपण 'बर'चा 'बड' केला, ख आणि ब पुढे र तसाच ठेवला. एक भाषाशास्त्रवाले सर म्हणतात दोन शब्दांवर नियम होत नाही, 'बडा'च्या सादृश्याने ड आलाय. मग सर, बरबादचं बडबाद का नाही झालं? तिथे काय बडे लोक बुडत नाहीत? त्यावर त्यांनी मला 'फर्माबरदार' (म्हणजे आज्ञाधारक) दाखवला, पुढे द असूनही र तसाच. अहो पण तिथे बर शब्दाच्या मधे अडकलाय, तो कसा धरणार.

अजून असा फारसीतून आलेला 'बड'वाला शब्द कोणाला आठवत असेल तर टाका. बडबड सोडून.