जर्मनीला निघालीयेस? बॅगेत डाळ भरू नको

तू विचारलंयस की ऑक्टोबरमध्ये मास्टर्सला ड्रेस्डेनला चाललीयेस, मांसमच्छी कधी खाल्लं नाही, वर्षभर दूधही बंद आहे, स्वयंपाक म्हणशील तर मॅगी आणि चहा, तर तिकडे खाण्याचे हाल होतील का आणि 46 किलोतले किती किलो किराण्याला द्यायचे. माझं उत्तर, 5 किलो. बास.

मी सांगलीहून आलो तेव्हा आईने तूरडाळ, मसूर, छोले, पोहे, रवा असं मिळून 14 किलो भरलं होतं आणि स्वेटर एकच. इथे आल्यावर आल्डी नावाच्या सुपरमार्केटात गेलो तर समोर मसूरडाळ! 'रोटे लिन्झेन' लिहिलेलं असतं, लिडल, डीएम अशा दुकानांत कुठेही मिळते, भिजवायला नको, कुकर नसला तरी पंधरा-वीस मिनिटांत शिजते. 'टेलरलिन्झेन' म्हणजे जरा चपटा मोठा मसूर, कांदा-लसूण-खोबरं वाटून घातलंस की ढाब्यावरच्या अख्ख्या मसूरच्या बऱ्यापैकी जवळ जातं. छोले म्हणजे 'किशरएर्बसन', डब्यातले घेऊ नको, सुके घे, रात्री भिजव, कुकरला लाव. तूरडाळ मात्र इंडियन दुकानातच मिळते आणि महाग, म्हणून मी आमटी मसुराचीच करतो, रविवारी तूर.

आता मोठी चूक सांगतो, हसू नको. जिरं संपलं म्हणून 'क्युमल' लिहिलेली बाटली आणली, फोडणी दिली आणि सगळ्या घरात बेकरीचा वास. ते जिरं नव्हे, इथे पावात आणि कोबीत घालतात तो वेगळाच मसाला, दिसायला मात्र जुळा भाऊ. जिऱ्याला 'क्रॉयत्सक्युमल' म्हणतात, पूर्ण शब्द वाचायचा. मोहरीही साध्या दुकानात पिवळी मिळते, ती तडतडते पण मजा नाही. म्हणून बॅगेत काय, तर मोहरी, हिंग (दोन पिशव्यांत, नाहीतर कपड्यांना वर्षभर वास), गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसुलं, थोडे पोहे. ताजा कढीपत्ता आणू नको, 2019 च्या डिसेंबरपासून सर्टिफिकेटशिवाय ताजी पानं, भाज्या युरोपात आणता येत नाहीत. तूप, पेढे पण चालत नाहीत, पण तुझा तो प्रश्नच नाही.

भाज्यांचं गणित सोपंय. कोबी, गाजर, बटाटा, कांदा, बीट बारा महिने स्वस्त. नवलकोल इथे 'कोलराबी' म्हणून ढिगाने येतो आणि लोक त्याची पानं तिथेच दुकानात तोडून खोक्यात टाकतात, मी सरळ विचारून ती पानं पण घेतो, डाळ घालून पातळ भाजी, फुकटात. लाल भोपळा होक्काइडो नावाचा घे, साल काढावी लागत नाही. फ्रोझन मटार आणि पालक डोळे झाकून घे, पण पालक 'ब्लाटश्पिनाट' बघून, कारण शेजारीच 'रामश्पिनाट' असतो, त्यात साय असते. दुधाचं काही असेल तर घटकांच्या यादीत ते ठळक अक्षरात छापलेलं असतं, 'मिल्श' दिसलं की ठेवून दे. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी तुर्की दुकानातून, पण जुडीचा वास घेऊन घे, पार्सली अगदी कोथिंबिरीसारखी दिसते.

तांदळाला बासमतीचा हट्ट धरू नको. 'मिल्शराइस' म्हणून खिरीचा आखूड तांदूळ मिळतो, त्याची मुगाची खिचडी अशी मऊ होते की बस्स. पोळ्या सुरुवातीला जमणार नाहीत, बेसन आणून पिठलं-भात कर, ब्रेड आहेच.

मोड आणायचे तर थंडीत मटकी ढिम्म हलत नाही, फडक्यात बांधून हीटरच्या जवळ ठेव, वर नको, उकडते.

कुकर आण, 3 लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर गरमच होत नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे, मिक्सर चालेल, फक्त तीन पिनच्या प्लगला ॲडॉप्टर लागेल. होस्टेलच्या किचनमध्ये मिरचीची फोडणी देताना आधी खिडकी उघड, माझ्यामुळे एकदा धुराचा अलार्म वाजला आणि सगळा मजला रात्री 11 ला खाली उभा होता, बर्फात.

आणि हे सीरियसली घे. दूध पण बंद आहे ना, मग बी12 जीवनसत्त्व डाळभाजीतून मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते, निघायच्या आधी रक्त तपासून ये. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून डी जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही, तेही डॉक्टरांना विचार. मीठ घेताना 'योडझाल्त्स' लिहिलेलं घे, इथे साध्या मिठात आयोडीन असेलच असं नाही.

खर्च म्हणशील तर माझा एकट्याचा महिन्याला 130-140 युरोत भागतो, बाहेर खाल्लं की फुटतो. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी कांदे बघून ठेव. आणि कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा टाक बॅगेत, त्या इथे शोधत फिरलोय मी.