राक्षस त्या काळातलाच हवा

चि.स अनेक आशीर्वाद.

चौथीच्या मुलांकडून राक्षसकथा लिहून घ्यायच्या, त्याही इतिहासातल्या, हा तुझा बेत मला फार आवडला. एक गोष्ट मात्र आधी मनाशी पक्की कर. मुलं शिंगं, सुळे, लाल डोळे लिहून मोकळी होतात. असला राक्षस शिवकाळात ठेवला काय नि घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये ठेवला काय, गोष्ट तीच राहते. राक्षसाचं काम त्या काळाशी, त्या जागेशी अडलेलं असायला हवं.

ठाण्यातच शिकवतेस, तर कारागृहापासून सुरुवात कर. मुलं त्या भिंतीजवळून येतात-जातात, पण तो मुळात पोर्तुगिजांचा किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी, हे त्यांना ठाऊक नसतं. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच इंग्रजांच्या कैदेत होते आणि १८१६ मध्ये इथूनच निसटले. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठीचा गंध नाही. एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता खिडकीखाली गाणी म्हणायचा, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचायचा, असं सांगतात.

एवढं सांगून थांब आणि विचार, तटावर एक खवीस राहतो, त्याला मराठी कळतं. आता काय होईल?

वर्ग उसळेल बघ. खवीस कोणाच्या बाजूचा? त्याने चुगली करायची ठरवली तरी शिपायांना सांगणार कशी, त्याला इंग्रजी कुठे येतं? मोतद्दाराच्या हाताखालचा पोरगा त्याला गप्प बसवायला काय देईल? ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या किल्ल्यावर नेता येणार नाही.

नायक तो पोरगाच ठेव. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक असतं, म्हणून मुलं आधी महाराजांनाच राक्षसाशी लढवायला बघतील. तिथे प्रेमाने अडव. महाराजांचा पराक्रम खरा आहे, त्याला खवीस जोडायची गरज नाही. शिवाय महाराज आले की जिंकणार हे मुलांना माहीतच असतं, मग भीती उरतेच कुठे?

कोणी लिहील, ‘पोरगा टॉर्च घेऊन निघाला.’ लाल रेघ मारू नकोस. विचार, तेव्हा दिवा कशाचा असायचा? तेलाचा. आणि वारा सुटला तर? पुढचं वाक्य मूल स्वतःच लिहील. ‘खवीस खूप भयंकर होता’ असं आलं, तर विचार की घोड्यांना तो जाणवल्यावर घोडे काय करत होते. ‘घोड्यांनी तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही’ असं एखादीने लिहिलं, तर ते वर्गात मोठ्याने वाचून दाखव. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात बघता येईल.

पुढच्या वेळी १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी घे, नाहीतर १९१६ चा पारसिक बोगदा. नवी मुंबईतली मुलं असतील तर बेलापूरचा किल्ला आहेच.

वर्गात एखादं भित्रं मूल असतंच. त्याला वर्णनाने सुरुवात करायला लावू नकोस. खवीस दिवसा कुठे झोपतो, काय खातो आणि कशाला घाबरतो, एवढंच आधी लिहून घे.